फंक्शनच्या सीमा आणि टेक्स्ट एडिटर : ओळीच्या प्रारंभीच्या कंसाचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाच्या आज्ञावलीचे दोन वाचक सर्वपरिचित आहेत. एक कंपायलर आणि दुसरा माणूस. या दोहोंच्या मध्ये एक तिसराही वाचक असतो आणि संगणकशास्त्राच्या इतिहासलेखनात त्याची दखल क्वचितच घेतली जाते. हा तिसरा वाचक म्हणजे टेक्स्ट एडिटर होय. प्रोग्रामर ज्या साधनात आज्ञावली टंकित करतो त्या साधनालाही तो मजकूर काही प्रमाणात समजून घ्यावा लागतो. विशेषतः फंक्शन, म्हणजे आज्ञावलीतील विशिष्ट काम करणारा नामांकित भाग, कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे एडिटरला ठाऊक असणे अनेक कामांसाठी आवश्यक ठरते. एका फंक्शनवरून दुसऱ्यावर जाणे, संपूर्ण फंक्शन निवडून हलविणे वा पुसणे, ओळींचे समास नीट लावणे, केलेला बदल कोणत्या फंक्शनमध्ये झाला याची नोंद ठेवणे, ही सर्व कामे सीमांच्या ज्ञानावर उभी आहेत. सीमा चुकली तर एडिटर बहुधा तक्रार करीत नाही. तो चुकीचा भाग निवडतो आणि पुढे जातो.

वरवर पाहता हा प्रश्न सोपा वाटतो, कारण कंपायलर तो रोज सोडवितो. परंतु कंपायलर आणि एडिटर यांच्या स्थितीत मूलभूत फरक आहे. कंपायलरसमोर लिहून पूर्ण झालेला मजकूर येतो आणि तो अशुद्ध असल्यास नाकारण्याचा अधिकार कंपायलरला असतो. एडिटरसमोरचा मजकूर मात्र जवळजवळ सदैव अपुरा असतो. कंस उघडलेला असतो, मिटलेला नसतो. वाक्य अर्ध्यावर असते. अवतरणचिन्ह नुकतेच टंकित झालेले असते. मजकूर नाकारण्याची सोय एडिटरला नाही आणि उत्तर देण्यास त्याच्याकडे एका कळेचा अवकाश असतो. मोडी दफ्तरे वाचणाऱ्यास यासारखी अडचण परिचित आहे. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेत आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत; शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे असे. एडिटरला मात्र अर्थ लागण्याची वाट न पाहताच तोड ठरवावी लागते.

या अडचणीवर १९७० च्या दशकात एक स्वस्त उपाय रूढ झाला. ओळीच्या अगदी डाव्या कडेस, म्हणजे पहिल्या रकान्यात, उघडणारा कंस दिसला की तेथे नवे फंक्शन सुरू झाले असे मानावे, हा तो उपाय. तो कोठून आला, त्याने आज्ञावली लिहिणाऱ्यांवर कोणती बंधने घातली आणि तो सोडून देण्याचे प्रयत्न कोठवर पोहोचले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लिस्पचा वारसा

ईमॅक्स या एडिटरचा जन्म १९७६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. टेको नावाच्या जुन्या एडिटरसाठी लिहिलेल्या मॅक्रोंचा संग्रह असे त्याचे आरंभीचे स्वरूप होते आणि त्याच्या घडणीत रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील व डेव्हिड मून यांचा वाटा होता. या प्रयोगशाळेची नित्याची भाषा लिस्प होती. लिस्पमध्ये प्रत्येक विधान गोल कंसात लिहिले जाते आणि कंसात कंस कितीही खोलवर जाऊ शकतो. मॅकलिस्प या तेथील बोलीत फंक्शनची व्याख्या ‘डीफन’ या शब्दाने होत असे.

लिस्प लिहिणाऱ्यांची एक सवय होती. सर्वांत बाहेरची व्याख्या डाव्या कडेला लागून सुरू करावयाची आणि तिच्या आतल्या ओळी उजवीकडे सरकवून लिहावयाच्या. डाव्या कडेला कंस दिसला की ती नव्या व्याख्येची सुरुवात, हे वाचणाऱ्याच्या नजरेला आपोआप कळे. ईमॅक्सने ही नजरेची खूण नियम म्हणून स्वीकारली. १९८५ मध्ये सार्वजनिक झालेल्या जीएनयू ईमॅक्समध्येही ती कायम राहिली आणि तिच्यासोबत शब्दही राहिला. सी असो, पास्कल असो वा अन्य कोणतीही भाषा, ईमॅक्सच्या परिभाषेत बाहेरच्या पातळीवरील प्रत्येक व्याख्येला डीफन असेच म्हटले जाते. एका भाषेतील एक आज्ञा सर्व भाषांतील एका संकल्पनेचे नाव होऊन बसली, ही घटना परिभाषेच्या अभ्यासकांनीही पाहण्याजोगी आहे.

या नियमामागे केवळ सोय नव्हती. त्यामागे संगणकीय खर्चाचा कठोर हिशोब होता. मजकुराच्या मध्यभागी एक अवतरणचिन्ह दिसले, तर ते उघडणारे की मिटणारे हे त्या चिन्हाकडे पाहून कळत नाही. त्याच्या आधी किती अवतरणचिन्हे येऊन गेली यावर ते अवलंबून असते. कंस हा खरा कंस आहे की एखाद्या टिपेच्या वा अवतरणाच्या आत सहज आलेला आहे, हेही तसेच. म्हणजे कोणत्याही एका स्थळाविषयी खात्रीने बोलावयाचे तर फाइल पहिल्या अक्षरापासून वाचत यावे लागते. त्या काळच्या यंत्रांवर प्रत्येक कळेमागे हे करणे अशक्य होते. डाव्या कडेचा कंस हा यातून काढलेला मार्ग होता. एडिटर मागे मागे जाई, असा कंस दिसला की थांबे, आणि येथे आपण कोणत्याही अवतरणाच्या वा टिपेच्या आत नाही असे गृहीत धरून तेथून पुढे वाचावयास लागे. फंक्शनवर उडी मारण्याच्या आज्ञेपुरते हे मर्यादित नव्हते. टीप ओलांडून मागे जाण्यासारख्या अगदी खालच्या पातळीवरील क्रियाही याच गृहीतकावर विसंबून होत्या. त्यामुळे ते चुकले म्हणजे केवळ उडी चुकत नसे, मजकुराचे सर्व वाचनच बिघडे.

तीनशे बॉडची शिस्त

ईमॅक्सच्याच काळात, अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बिल जॉय यांनी व्हीआय हा एडिटर लिहिला. तो एडीएम-३ए या टर्मिनलवर आणि बराचसा घरून, तीनशे बॉडच्या मोडेमवरून लिहिला गेला, असे जॉय यांनीच पुढे सांगितले आहे. तीनशे बॉड म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरे. ऐंशी रकाने व चोवीस ओळींचा पडदा पूर्ण भरावयाचा तर १,९२० अक्षरे लागतात, म्हणजे एक मिनिटाहून अधिक काळ. पीडीपी-११ या यंत्रावर एका प्रक्रियेला मिळणारी स्मृतीही किलोबाइटांत मोजण्याजोगी, आणि तेच यंत्र अनेकांत वाटून घेतलेले. ज्या एडिटरला पडदा पुन्हा रंगविणे परवडत नाही त्याच्याकडून व्याकरणाच्या विश्लेषणाची अपेक्षा करणे अवाजवी ठरले असते.

व्हीआयने फंक्शनचा प्रश्न सोडविला तो पूर्णपणे वेगळ्या दिशेने, पण पोहोचला त्याच जागी. लागोपाठ दोन चौकटी कंस टंकित केले की मागच्या ‘विभागा’वर जाण्याची सोय त्यात आहे. विभाग ही कल्पना मुळात दस्तऐवजांची. युनिक्सवर अहवाल व पुस्तिका एनरॉफ या मुद्रणप्रणालीत लिहिल्या जात आणि त्यातील प्रकरणांची शीर्षके ठरावीक मॅक्रोंनी दर्शविली जात. व्हीआय ही शीर्षके ओळखे. त्याच यादीत आणखी एका खुणेची भर पडली : ओळीच्या पहिल्या रकान्यातील उघडणारा महिरपी कंस. म्हणजे व्हीआयच्या दृष्टीने सी भाषेतील फंक्शन हे ग्रंथातील एक प्रकरणच होते. पुढे पॉझिक्स प्रमाणकात व्हीआयचे वर्णन करताना विभागाची ही व्याख्या, कंसासह, नमूद झाली. ब्रॅम मूलेनार यांच्या १९९१ मधील व्हिम या एडिटरनेही ती चालविली. मात्र ज्यांचा कंस पहिल्या रकान्यात नसेल त्यांनी काय करावे, याचे वेगळे उपाय व्हिमच्या मदतपुस्तिकेत दिलेले आहेत.

येथे प्रश्न असा उद्भवतो की सी भाषेत महिरपी कंस पहिल्या रकान्यात येत होता तरी का? ब्रायन कर्निगन व डेनिस रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात याचे उत्तर सापडते. त्यांच्या लेखनशैलीत अट वा आवर्तन सुरू करणारा कंस त्याच ओळीच्या शेवटी लिहिला जाई, पण फंक्शनचा कंस मात्र नव्या ओळीवर, डाव्या कडेला. या भेदाला त्या काळी एक स्वाभाविक कारण होते. तेव्हाच्या सी भाषेत फंक्शनच्या नावापुढील कंसात केवळ चलांची नावे येत आणि त्यांचे प्रकार त्याखालच्या स्वतंत्र ओळींवर घोषित होत. घोषणा संपल्यावर कंस उघडावयाचा तर तो नव्या ओळीवर येणे ओघानेच होते. १९८९ च्या प्रमाणीकरणानंतर चलांचे प्रकार नावांसोबतच लिहिण्याची पद्धत रूढ झाली आणि हे कारण उरले नाही. कंस मात्र तेथेच राहिला. तोपर्यंत एडिटर त्या जागी त्याची वाट पाहू लागले होते.

साधनाची चूक, लेखकाची जबाबदारी

यानंतरचा टप्पा या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग आहे. सवयीतून नियम निर्माण झाला होता. आता नियमातून सक्ती निर्माण झाली. जीएनयू प्रकल्पाच्या लेखनसंकेतांत फंक्शनचा महिरपी कंस पहिल्या रकान्यातच लिहावा असे सांगितले आहे. त्याचे कारणही तेथे स्पष्ट दिलेले आहे : अनेक साधने फंक्शनचा प्रारंभ शोधण्यासाठी त्याच जागी पाहतात, आणि अन्यथा लिहिलेल्या आज्ञावलीवर ती चालणार नाहीत. याची उलट बाजूही त्याच संकेतांत आहे. फंक्शनच्या आत कोणताही उघडणारा कंस पहिल्या रकान्यात येऊ देऊ नये. फंक्शनचे नावही ओळीच्या प्रारंभी असावे, म्हणून परतीच्या मूल्याचा प्रकार त्याच्या वरच्या ओळीवर लिहावा. सी भाषेचे व्याकरण यांपैकी कशाचीही अपेक्षा करीत नाही. कंपायलरच्या लेखी या सर्व मांडण्या सारख्याच आहेत. हे नियम सर्वस्वी तिसऱ्या वाचकासाठी होते.

प्रत्यक्षात या नियमांचा जाच कसा होई याचे उत्तम उदाहरण ईमॅक्सच्या स्वतःच्या लिस्प आज्ञावलीत मिळते. तेथे प्रत्येक फंक्शनच्या आरंभी त्याचे वर्णन अवतरणचिन्हांत लिहिलेले असते. हे वर्णन साधे इंग्रजी गद्य असल्याने त्यातील एखादी ओळ गोल कंसाने सुरू होणे अगदी साहजिक. पण तसे झाले की एडिटर त्या कंसाला नव्या व्याख्येची सुरुवात समजे. वर्णनाचे गद्य त्याला आज्ञावली वाटे आणि त्यापुढील मिटणारे अवतरणचिन्ह उघडणारे वाटे. यावर उपाय म्हणून अशा कंसाआधी तिरपी रेघ लिहिण्याचा दंडक होता. या रेघेला आज्ञावलीच्या अर्थाने काहीही प्रयोजन नाही. लिस्पचा अर्थबोधक ती वाचून सोडून देतो. एडिटरचा गैरसमज होऊ नये एवढ्यासाठीच ती लिहिली गेली आणि अनेक वर्षांच्या लेखनात ठिकठिकाणी साठत गेली.

दुसरे उदाहरण एडिटरचे नसून त्याच्या शेजारच्या साधनाचे आहे. दोन फाइलींतील फरक दाखविणाऱ्या जीएनयू डिफमध्ये प्रत्येक बदलाच्या वर तो कोणत्या फंक्शनमध्ये आहे हे छापण्याची सोय आहे. त्यासाठी ते बदलाच्या वरच्या दिशेला पहिल्या रकान्यात अक्षराने सुरू होणारी सर्वांत जवळची ओळ शोधते. परंतु सी भाषेत उडी मारण्याच्या ठिकाणाला लेबल देण्याची पद्धत आहे आणि ही लेबलेही अनेकदा डाव्या कडेलाच लिहिली जातात. परिणामी बदलाच्या माथ्यावर फंक्शनच्या नावाऐवजी लेबल छापले जाई. एखाद्याने पाठविलेला बदल तपासणाऱ्यासाठी ही ओळ म्हणजे पत्त्याची पहिली ओळ असते. ती चुकली तर कोणत्या फंक्शनचा बदल आपण वाचीत आहोत हेच उमगत नाही. झेन या आभासी यंत्रप्रणालीच्या लेखनसंकेतांत म्हणून डिफच्या या वर्तनाचा उल्लेख करून लेबलापुढे किमान एक रिक्त जागा सोडण्याची सूचना आहे. गिट या प्रणालीने आपल्या सी भाषेच्या नमुन्यात लेबले वगळण्याची तरतूद केली. हा दुसरा मार्ग श्रेयस्कर मानावा लागेल, कारण त्यात दुरुस्ती एका ठिकाणी होते. एका रिक्त जागेचा भार हलका खरा, पण तो प्रत्येक लेखकाने प्रत्येक लेबलापाशी वाहावयाचा असतो.

कंस मोजण्याचे प्रयोग

डाव्या कडेचा नियम मुळातून डळमळीत झाला तो भाषा बदलल्यामुळे. सी प्लस प्लसमध्ये फंक्शने वर्गाच्या आत लिहिता येऊ लागली; पुढे नेमस्पेस आल्यावर सर्व आज्ञावलीच आणखी एका आवरणात गेली. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावामध्ये तर वर्गाबाहेर फंक्शनला दीर्घकाळ स्थानच नव्हते. तेथे प्रत्येक फंक्शन उजवीकडे सरकलेले असते आणि त्याचा कंस रूढीने ओळीच्या शेवटी असतो. पहिल्या रकान्यात कंस शोधणाऱ्या एडिटरला अशा फाइलीत एकही फंक्शन दिसत नाही. व्हिममध्ये जावासारख्या भाषांसाठी स्वतंत्र आज्ञा द्याव्या लागल्या, त्या यामुळेच. ईमॅक्सनेही प्रत्येक भाषेच्या विभागाला फंक्शनची सुरुवात शोधण्याची आपापली रीत नेमण्याची मुभा दिली.

या रीती दोन प्रकारच्या होत्या. पहिली नमुना जुळविण्याची. नियमित अभिव्यक्तींच्या साहाय्याने मजकुरात शोध घेण्याची कार्यक्षम पद्धत केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये मांडली होती आणि एडिटरांच्या जगात ती पूर्वीपासून रुळलेली होती. फंक्शनच्या पहिल्या ओळीचे रूप नमुन्याने ओळखता येते. त्याचा शेवट मात्र ओळखता येत नाही. नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये केलेल्या व्याकरणांच्या वर्गीकरणातच याचे कारण दडलेले आहे. एकात एक कितीही खोल जाणाऱ्या रचना नियमित व्याकरणाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. मराठी वाक्यातही गौण वाक्ये एकात एक गुंफता येतात आणि कोणते क्रियापद कोणत्या कर्त्याचे हे केवळ शब्दांच्या क्रमाचा साचा लावून सांगता येत नाही, तसेच हे. सीटॅग्ज हे साधन, जे १९७९ च्या तिसऱ्या बर्कली वितरणात आले, फंक्शनच्या केवळ प्रारंभाची सूची करी. शेवटाच्या भानगडीत ते पडलेच नाही, आणि कदाचित त्यामुळेच ते इतके टिकले.

दुसरी रीत कंस मोजण्याची. सुरुवात सापडल्यावर उघडणारा कंस आला की एक मिळवावा, मिटणारा आला की एक वजा करावा, आणि शून्य झाले की फंक्शन संपले. सी भाषेच्या पूर्वप्रक्रियेने या सरळ गणितात विघ्न आणले. ‘इफडेफ’ या सूचनेने एकाच फंक्शनची दोन आरंभवाक्ये लिहिता येतात, एक एका यंत्रणेसाठी व दुसरे दुसऱ्या यंत्रणेसाठी. दोन्हींत एकेक कंस उघडलेला असतो आणि शेवटी मिटणारा कंस मात्र एकच. कंपायलरपर्यंत त्यांपैकी एकच शाखा पोहोचते, त्यामुळे त्याला काहीच वावगे दिसत नाही. एडिटरला दोन्ही शाखा दिसतात. तो दोन मिळवितो, एकच वजा करतो, आणि तेथून फाइलीच्या अखेरपर्यंत सर्व काही त्या एका फंक्शनच्या पोटात आहे अशी त्याची समजूत होते. अशा प्रसंगी जुना डाव्या कडेचा नियम उपयोगी पडे, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. तो मोजीत नसल्यामुळे त्याचे मोजणे चुकत नसे. पुढच्या फंक्शनचा कंस दिसला की तो पुन्हा सावरे.

दरम्यान फाइल आरंभापासून वाचण्याचा खर्चही बराच कमी झाला होता. २००० नंतरच्या दशकात ईमॅक्समध्ये वाचनाची स्थिती ठरावीक अंतरांवर स्मरणात ठेवण्याची यंत्रणा आली आणि मजकूर बदलला तरी बदलाच्या अलीकडचे वाचन पुन्हा करावे लागेनासे झाले. यथावकाश खालच्या पातळीवरील क्रियांचे डाव्या कडेवरील अवलंबित्व काढून टाकण्यात आले. ज्या टंचाईने तो संकेत जन्माला घातला होता ती संपली, तरी संकेत बंद करण्याची केवळ सोय दिली गेली. तो पूर्णपणे काढण्यात आला नाही. त्याला अनुसरून लिहिलेल्या असंख्य ओळी अस्तित्वात होत्या.

सीमा शोधावीच न लागणारे एडिटर

या सर्व खटाटोपाला समांतर असा एक वेगळा विचारप्रवाह आरंभापासून होता. आज्ञावली ही मुळात अक्षरांची रांग नसून वृक्षाकार रचना आहे; मग एडिटरने ती वृक्ष म्हणूनच का हाताळू नये? विल्फ्रेड हॅन्सन यांचा एमिली हा १९७१ मधील एडिटर या विचाराचा आद्य नमुना होय. टिम टायटेलबॉम व थॉमस रेप्स यांनी कॉर्नेल विद्यापीठात घडविलेला प्रोग्राम सिंथेसायझर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो प्रत्यक्ष अध्यापनात वापरला गेला. त्यात विद्यार्थी विधानांचे तयार साचे निवडून त्यांतील रिकाम्या जागा भरी. अशा एडिटरमध्ये फंक्शनची सीमा शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ती कधी हरवलेलीच नसते. कंस न मिटणे ही चूक तेथे करताच येत नाही.

सैद्धान्तिक दृष्ट्या निर्दोष असलेला हा मार्ग व्यवहारात मात्र मागे पडला. लिहिणारा माणूस शुद्ध अवस्थेतून शुद्ध अवस्थेत उड्या मारीत लिहीत नाही. तो मोडतो, अर्धवट ठेवतो, ओळी उचलून भलत्या जागी टाकतो आणि मग सावरतो. सिंथेसायझरच्या कर्त्यांनाही हे जाणवले असावे, कारण सूत्रात्मक पदावल्या त्यांनी साच्यांऐवजी साध्या मजकुरासारख्या टंकित करू दिल्या आणि मागाहून तपासल्या.

याच जाणिवेतून तिसरा मार्ग निघाला : मजकूर मुक्तपणे लिहू द्यावा, पण त्याचा वृक्ष पडद्याआड सतत अद्ययावत ठेवावा. बदल जेवढा लहान तेवढेच पुनर्विश्लेषण लहान, हे या वर्धिष्णू विश्लेषणाचे सूत्र आहे. घेत्सी व मान्द्रिओली यांनी १९७९ मध्ये त्याची मांडणी केली. टिम वॅग्नर व सुसान ग्रॅहम यांनी बर्कली येथे १९९० च्या दशकात, सदोष मजकुराचाही विचार करून, ती व्यवहार्य रूपास नेली. त्यांचा प्रमुख शोधनिबंध १९९८ चा आहे. त्यानंतर सुमारे दोन दशके ही विद्या सर्वसामान्य एडिटरांपासून बरीचशी दूरच राहिली. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांच्या ट्री-सिटर या ग्रंथालयाने ती त्यांच्या हाती दिली. ते गिटहब या कंपनीत अ‍ॅटम या एडिटरसाठी विकसित झाले आणि २०१८ पासून त्यात वापरात आले. अ‍ॅटम २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला, ट्री-सिटर मात्र टिकले. निओव्हिमने ते २०२१ च्या ०.५ या आवृत्तीत स्वीकारले; ईमॅक्सने जुलै २०२३ च्या २९.१ या आवृत्तीत. डाव्या कडेच्या कंसावर घडलेल्या दोन्ही परंपरा अशा रीतीने एकाच पार्सरपाशी आल्या.

फंक्शन म्हणजे नेमके काय

पार्सर हाती आल्यावर सीमांचा प्रश्न कायमचा सुटेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो व्याकरणातून व्याख्येत सरकला. एका फंक्शनच्या आत दुसरे फंक्शन असेल आणि लेखक आतल्यात उभा असेल, तर ‘फंक्शनच्या आरंभी जा’ या आज्ञेचा अर्थ कोणता? ईमॅक्सच्या नव्या यंत्रणेत यासाठी आतले फंक्शन धरावे की सर्वांत बाहेरचे, हे ठरविणारा स्वतंत्र पर्याय ठेवावा लागला. पहिल्या रकान्याच्या नियमाने हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. बाहेरचे तेवढेच फंक्शन, हे त्याचे न बोललेले उत्तर होते. पायथनमध्ये २००४ पासून फंक्शनच्या वर डेकोरेटर लिहिता येतात. फंक्शन हलविताना डेकोरेटर मागे राहिला तर आज्ञावलीचा अर्थच पालटतो, तेव्हा तो आत धरणे भाग आहे. पण वाचणाऱ्याची नजर नावाच्या ओळीवर जाते. फंक्शनच्या वर लिहिलेल्या टिपेबाबतही हाच पेच पडतो. मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट व कोडेन्व्ही यांनी २०१६ मध्ये जाहीर केलेल्या भाषा-सेवक संकेतप्रणालीने यावर व्यवहारी तोडगा काढला. तिच्यात प्रत्येक व्याख्येसाठी दोन व्याप्ती कळविल्या जातात, एक टिपांसह संपूर्ण व्याख्येची आणि दुसरी केवळ नावापुरती. एकच सीमा आहे हा आग्रह सोडून देणारा हा निर्णय या इतिहासातील सर्वांत समंजस निर्णयांपैकी एक म्हणता येईल.

जुन्या अडचणीही पुरत्या मिटलेल्या नाहीत. दोन शाखांत उघडून एकदाच मिटणारा कंस ट्री-सिटरच्या सी व्याकरणातही बसत नाही. तेवढा भाग ते सदोष म्हणून बाजूला ठेवते आणि उरलेल्याचा वृक्ष शक्य तितका नीट बांधते. मॅक्रोंची अडचण त्याहून गहन आहे. मॅक्रो म्हणजे लेखकाने स्वतः रचलेले व्याकरण आणि पार्सरला तर केवळ भाषेचे प्रमाण व्याकरण ठाऊक असते.

ईमॅक्सचा सी भाषेत लिहिलेला गाभा या अडचणीचे ठळक उदाहरण आहे. लिस्पमधून वापरता येणारी त्यातील फंक्शने सी भाषेच्या नेहमीच्या रीतीने लिहिलेली नाहीत. ती एका मॅक्रोच्या साहाय्याने लिहिलेली आहेत आणि त्या मॅक्रोचे नाव आहे डीफन. आधी मॅक्रोचे नाव, मग कंसात फंक्शनचे लिस्पमधील व सीमधील नाव, स्वीकारावयाच्या चलांच्या संख्या, वर्णन, आणि त्यानंतर चलांची यादी व देह, अशी ती मांडणी. प्रमाण सी व्याकरणाला यात फंक्शनची व्याख्या दिसत नाही. त्यामुळे ईमॅक्सच्या नव्या सी विभागाला ईमॅक्सचीच फंक्शने ओळखता यावीत म्हणून एक खास पर्याय जोडावा लागला. तो पर्याय तो विभाग सुरू करण्यापूर्वीच निश्चित केलेला असावा लागतो. या प्रत्येक फंक्शनच्या देहाचा महिरपी कंस मात्र जीएनयू संकेतांनुसार पहिल्या रकान्यातच उघडतो आणि जुना नियम तो कोणत्याही पर्यायाशिवाय शोधून काढतो.